कार्यालयातील व्हॉइसमेल : जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर जाताना



कार्यालयातील दूरध्वनी वाजतो आणि तो उचलण्यास जागेवर कोणी नसते, असा प्रसंग दिवसातून अनेकदा येतो. लेखनिक बँकेत गेलेले असतात, व्यवस्थापक सभेत असतात, आणि उत्सवाच्या दिवसांत तर घंटी ऐकू येण्याइतकी शांतताही नसते. अशा वेळी फोन करणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच आवाजात जपून ठेवणारी व्यवस्था म्हणजे व्हॉइसमेल. ही व्यवस्था एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची वेळ आज पुष्कळ संस्थांवर येत आहे. तांब्याच्या तारेवरील जुनी जोडणी जाऊन फायबरची जोडणी येते, भिंतीवरचे ईपीएबीएक्स यंत्र उतरविले जाते, आणि त्याच्या पोटातील निरोपपेटीही त्याबरोबर जाते. हा बदल करणारा तंत्रज्ञ एका दुपारीत काम संपवून निघून जातो. कर्मचाऱ्यांना व फोन करणाऱ्या मंडळींना मात्र त्याचे परिणाम पुढे कित्येक दिवस जाणवत राहतात. म्हणून ह्या विषयाची माहिती येथे काहीशी सविस्तर देत आहोत.

निरोपपेटीचे कार्य

दूरध्वनीच्या तारेतून मानवी आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. यंत्र ह्या आवाजाचे दर सेकंदाला ८००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला ६४,००० बिट आणि एका मिनिटाला ४,८०,००० बाइट लागतात. आजच्या हिशेबाने ही जागा किरकोळ आहे. दहा तासांचे निरोप २८८ मेगाबाइटमध्ये मावतात. पण जुन्या यंत्रांच्या काळी साठवण महाग असे, म्हणून आवाज आवळून, म्हणजे काही अंश गाळून, साठविला जाई. प्रत्येक उत्पादकाची ही आवळण्याची पद्धत आपापली असे. जुन्या यंत्रातील निरोप नव्या यंत्रात जसेच्या तसे जात नाहीत, ह्याचे मूळ बहुधा येथेच असते. तंत्रज्ञ "डेटा येणार नाही" एवढेच सांगतो आणि आपण मान डोलावतो. प्रत्यक्षात निरोप ऐकता येत असतील तर ते दुसरीकडे ध्वनिमुद्रित करूनही घेता येतात. त्याला वेळ लागतो, इतकेच.

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या एक्स्टेंशनला एक पेटी जोडलेली असते. ठरावीक घंट्या वाजूनही फोन उचलला गेला नाही, की कॉल त्या पेटीकडे वळतो, स्वागताचे शब्द ऐकू येतात, बीप वाजते आणि नोंद सुरू होते. निरोप आल्याची खूण म्हणून फोनवर दिवा लुकलुकतो, किंवा रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन तुटक ऐकू येतो. ही तुटक टोनची खूण कर्मचाऱ्यांना आवर्जून समजावून सांगावी लागते, कारण पुष्कळांना तो लाइनमधील बिघाड वाटतो आणि ते फोन ठेवून देतात.

ह्या यंत्राची कल्पना कशी रुजली

अमेरिकेतील गॉर्डन मॅथ्यूज ह्यांनी १९७९ साली अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९८३ साली त्यांना ते मिळाले. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, आयबीएम कंपनीचे संशोधक ह्याच दिशेने काम करीत होते. त्यांची मूळ कल्पना वेगळी होती. अधिकाऱ्यांनी पत्राचा मजकूर फोनवर बोलावा आणि तो तेथेच दुरुस्त करावा, असे त्यांना अभिप्रेत होते. वापरणाऱ्यांनी मात्र त्या यंत्राचा उपयोग एकमेकांना निरोप ठेवण्यासाठी अधिक केला. संशोधकांनी तो कल ओळखला आणि यंत्राचा रोख बदलला. आमच्या मते ह्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच होय.

ह्याच मंडळींनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी एक निरोपव्यवस्था उभी केली. पी. टी. उषा ह्यांचे कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, तीच ही स्पर्धा. खेळाडूचे आईवडील आपल्या देशातील ऑलिंपिक समितीच्या कार्यालयास फोन करीत. तेथील कर्मचारी त्यांना लॉस एंजेलिसच्या यंत्राशी जोडून देत. आणि खेळाडू क्रीडाग्रामातील फोनवरून आपल्या घरच्यांचा आवाज ऐकत असे. सूचना १२ भाषांत होत्या आणि स्पर्धेच्या काळात ही व्यवस्था चाळीस हजारांहून अधिक वेळा वापरली गेली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांनी केलेल्या तयारीचे. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याच्या सूचना कागदावर लिहून लोकांना दाखविल्या गेल्या. फोनच्या खोक्याचा एक पोकळ नमुना कार्यालयाच्या वाटेवर उभा केला गेला, की येणारा-जाणारा थांबावा, पाहावा आणि मत द्यावे. शेवटी काही जणांना "हे यंत्र मोडून दाखवा" असेच सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या कंपनीने आपल्या तज्ज्ञांच्या मतावर न विसंबता वाटसरूंचे ऐकले. चार एक्स्टेंशन असलेल्या कार्यालयालाही हे करता येण्यासारखे आहे. नवे स्वागतवाक्य पक्के करण्यापूर्वी कार्यालयाशी संबंध नसलेल्या दोन वृद्ध गृहस्थांना बाहेरून फोन करावयास सांगावे आणि त्यांचे कोठे अडते ते पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

आपल्याकडील माणूस निरोप का ठेवत नाही

भारतात १९९२ साली ज्या दूरसंचार सेवा खाजगी क्षेत्रास खुल्या करण्यात आल्या, त्यांत व्हॉइसमेलचाही समावेश होता. तरीही ही सवय आपल्याकडे अमेरिकेसारखी रुजली नाही. त्यामागे स्वभाव थोडा आणि हिशेब अधिक आहे. निरोप ठेवणाऱ्याचा कॉल लागला असे धरून त्याला पैसे पडत, आणि मोबाइलवर तो ऐकणाऱ्यालाही पुष्कळदा पडत. मिस्ड कॉल मात्र फुकट होता. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले, त्यानंतर तर मिस्ड कॉल ही एक भाषाच बनली : एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. पुढे २०१३ साली व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोपांची सोय झाली आणि जे आजोबा व्हॉइसमेलच्या बीपनंतर गोंधळून फोन ठेवीत, तेच आता नातवाला तीन-तीन मिनिटांचे निरोप पाठवू लागले. म्हणजे बोलून निरोप ठेवण्यास आपली माणसे बिचकत नाहीत. अनोळखी यंत्राने मध्येच बोलून थांबण्याला ती बिचकतात.

ह्या बाबतीत आपल्या शेजारच्या छत्तीसगढचे उदाहरण फार बोलके आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी ह्यांनी २०१० साली "सीजीनेट स्वर" हा उपक्रम सुरू केला. आदिवासी भागातील माणूस एका क्रमांकावर मिस्ड कॉल देतो, यंत्र त्याला उलट फोन करते, आणि तो एक बटण दाबून आपल्या गावची तक्रार वा बातमी नोंदवितो. त्यास वाचता येण्याची गरज नाही आणि खर्चही नाही. नवीन व्यवस्था घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने विक्रेत्याला हा प्रश्न विचारावा : मिस्ड कॉल आल्यास आपले यंत्र उलट फोन करू शकेल काय? निदान आलेल्या, पण निरोप न ठेवलेल्या क्रमांकांची यादी रोज सकाळी मिळेल काय? भोपाळसारख्या शहरात ही यादी निरोपांइतकीच उपयोगी ठरते.

परदेशात मात्र गंगा उलटी वाहू लागली आहे. कोका-कोला कंपनीने २०१४ च्या डिसेंबरात आपल्या अटलांटा येथील मुख्यालयात व्हॉइसमेल बंद केले, आणि पुढील वर्षी जेपी मॉर्गन ह्या बँकेनेही आपल्या पुष्कळ कर्मचाऱ्यांच्या पेट्या काढून घेतल्या. हे वाचून आपणही ती काढून टाकावी असे काहींच्या मनात येईल. पण तेथे काढून घेतलेल्या पेट्या मुख्यतः ज्यांचा बाहेरच्या ग्राहकांशी थेट संबंध नाही अशांच्या होत्या. ज्या कार्यालयास बाहेरची माणसे फोन करतात, त्याची गोष्ट निराळी.

बदलाच्या दिवसांतील खरा धोका

निरोप ठेवणाऱ्याने फोन ठेवला, की त्याच्या मनाने ते काम झालेले असते. "मी कळविले होते" असे तो पुढे सांगेल आणि ते खरेही असेल. समजा, एखाद्या कुटुंबात सुतक आले आणि त्यांनी ठरलेला अभिषेक पुढे ढकलण्याचा निरोप ठेवला. तो जुन्या पेटीत पडला, आणि कर्मचारी कालपासून नवी पेटी ऐकू लागले आहेत. ठरलेल्या दिवशी गुरुजी तयारीने बसलेले, कुटुंब आलेले नाही, आणि कार्यालयातून त्यांना विचारणा करणारा फोन जातो. दुःखाच्या घरात असा फोन जाणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. म्हणून दोन पेट्यांच्या मधल्या काळाचा विचार यंत्राच्या किमतीपेक्षाही आधी करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

व्यवहारात ह्याचा अर्थ असा : नवी व्यवस्था सुरू झाल्यावरही जुने यंत्र निदान एक महिना वीज देऊन चालू ठेवावे. त्यात नवा निरोप पडणार नाही असे वळण द्यावे, पण जुने ऐकता यावेत. एका कर्मचाऱ्याने रोज ठरावीक वेळी ते उघडून पाहावे आणि वहीत नोंद करावी : कोणाचा, केव्हा, काय, आणि उत्तर कोणी दिले. ही निरोपवही कोणत्याही संगणकापेक्षा विश्वासू असते.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या शहरात निरोप मराठीत येतात, हिंदीत येतात आणि पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्हींत येतात. "उद्या सकाळी येतो" हा निरोप कोणत्या दिवसाचा आहे हे ठाऊक नसेल तर त्याला काहीच अर्थ नाही. हिंदीतील "कल" तर गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. काही यंत्रांत निरोप नव्या जागी आणताना मूळ तारीख पुसली जाऊन आणल्याची तारीख लागते. मग महिन्यापूर्वीचे सर्व निरोप एकाच दिवशी आल्यासारखे दिसतात. निरोप हलविण्यापूर्वी एखादा नमुना हलवून तारीख टिकते का, हे पाहून घ्यावे.

कर्मचाऱ्यांची तयारी

आपल्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी काहींना १९५६ सालच्या गोष्टी घरातून ऐकून ठाऊक असतील. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरच्या शासकीय कचेऱ्यांतील कितीतरी कुटुंबे फायलींसह येथे आली. अख्खी कचेरी हलविण्याच्या मानाने पेटी बदलणे ही क्षुल्लक बाब आहे. तरी हाताची सवय सुटणे दोन्हींत सारखेच अवघड. जुन्या यंत्रावर पुसण्यासाठी जे बटण होते, तेच नव्यावर जपून ठेवण्यासाठी असू शकते, आणि बोटे डोक्याच्या आधी धावतात. पहिल्या आठवड्यात सर्वाधिक निरोप ह्यामुळेच नाहीसे होतात. नव्या यंत्रात बटणांचा क्रम बदलून घेण्याची सोय असेल तर तो जुन्यासारखा करून घ्यावा. नसेल तर पुसलेले निरोप काही दिवस परत मिळविता येतील अशी मुदत ठेवावी.

शिकविणे चार-पाच जणांच्या गटात, त्यांच्याच जागेवरील फोनवर व्हावे. सभागृहात पडद्यावर दाखविलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्येकाने आपले स्वागतवाक्य तेथेच नोंदवावे, दुसऱ्याने ठेवलेला निरोप ऐकावा, पुसावा आणि परत आणावा. सर्वांनाच पेटी हवी असेही नाही. पुजारी मंडळी किंवा पहारेकरी ह्यांना ती देणे म्हणजे कोणीही न उघडणारी आणखी एक पेटी तयार करणे होय. उलट "कार्यालय" ह्या सामायिक पेटीवर एका व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे, आणि ती रजेवर असल्यास दुसरीचे. जी पेटी सर्वांची असते ती प्रत्यक्षात कोणीच ऐकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

स्वागतवाक्याविषयी आमचे मत थोडे कडक आहे. आधी भजन, मग संस्थेचा परिचय, मग उत्सवांची यादी आणि शेवटी बीप, असा क्रम ठेवल्यास फोन करणारा बीपपर्यंत पोहोचतच नाही. पंधरा सेकंद पुरेत. उदाहरणार्थ : "नमस्कार. कार्यालयात सध्या कोणी उपलब्ध नाही. बीप वाजल्यावर आपले नाव, दूरध्वनी क्रमांक आणि काम सांगावे. उद्या सकाळी अकरापर्यंत आपणांस फोन येईल." असेच हिंदीतही. शेवटच्या वाक्यातील वेळ पाळता येत नसेल तर ती सांगू नये.

पिनची बाब हसण्यावारी नेऊ नये. नव्या पेट्या बहुधा १२३४ किंवा एक्स्टेंशनचाच क्रमांक हा पिन घेऊन येतात. ब्रिटनमध्ये वार्ताहर व त्यांचे हस्तक असेच न बदललेले पिन वापरून लोकांच्या पेट्या चोरून ऐकत होते. त्यात एका बेपत्ता मुलीची पेटीही होती, हे २०११ साली उघड झाले आणि १८४३ पासून चालत आलेले "न्यूज ऑफ द वर्ल्ड" हे वृत्तपत्र त्यापायी बंद पडले. शिवाय पेटीतून बाहेर फोन लावण्याची सोय उघडी राहिली, तर भामटे तिच्यामार्फत परदेशी कॉल करतात आणि बिल संस्थेस येते. ती सोय नको असल्यास बंद करून घ्यावी. देणगीदार आपला पत्ता, रक्कम, घरातील आजारपण हे सर्व निरोपात बोलून जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा नोंदी कोण ऐकतो आणि किती दिवस ठेवतो, ह्याचे उत्तर विश्वस्तांजवळ तयार असणे इष्ट.

दोन बारीक गोष्टी तंत्रज्ञास विचाराव्यात. पहिली, निरोप आल्याची सूचना मोबाइलवर जाण्यासाठी जुन्या यंत्रात क्रमांक भरलेले असतात. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. फार जुनी यादी तशीच उचलून नव्या यंत्रात भरली तर सूचना जाणार नाहीत. दुसरी, इंटरनेटवर चालणाऱ्या फोनवर आवाज आवळला गेला, की बटणांचे सूरही बिघडतात आणि पेटीला दाबलेला आकडा कळत नाही. ह्यावर उपाय असतो. बटणांची खूण आवाजापासून वेगळी पाठविण्याचे सेटिंग करून घ्यावे लागते.

आवाज पुसण्यापूर्वी

इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशायर परगण्यात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरच्या व्हॉइसमेलवर त्यांच्या पत्नीच्या आवाजातील स्वागतवाक्य होते. पत्नी २००३ साली वारल्या. त्यानंतर हे गृहस्थ अधूनमधून ते वाक्य ऐकत असत. २०१४ च्या अखेरीस दूरध्वनी कंपनीने आपली व्हॉइसमेल व्यवस्था बदलली आणि वाक्य नाहीसे झाले. कंपनीच्या अभियंत्यांनी जुन्या साठ्यात कित्येक दिवस शोध घेऊन ते परत मिळविले, आणि २०१५ च्या जानेवारीत ते त्यांना पुन्हा ऐकविले गेले. त्या वेळी त्यांना रडू आवरले नाही, असे बातम्यांत आले होते. त्या साठ्याची प्रत उरली होती म्हणून हे घडू शकले.

आपल्या कार्यालयांतील जुन्या यंत्रांतही अशा व्यक्तींचे आवाज असू शकतात ज्या आज हयात नाहीत : एखादे जुने सभासद, वर्षानुवर्षे अन्नदानासाठी फोन करणाऱ्या एखाद्या बाई, निवृत्त होऊन गेलेल्या लेखनिकांचे स्वागतवाक्य. कंत्राटदार जुने यंत्र भंगारात घेतो आणि बिलातून काही रक्कम वजा करतो. ती घेण्याची घाई करू नये. एक महिन्याची मुदत संपली, की दोन जणांनी बसून सर्व पेट्या एकदा ऐकाव्यात. ज्यांचा आवाज घरच्यांना हवासा वाटेल, त्यांची ध्वनिमुद्रिका करून ती मोबाइलवर वा पेन ड्राइव्हवर कुटुंबाच्या हाती द्यावी. आधी विचारावे, कारण काहींना तो ऐकणे नको असते. बाकीचे निरोप वहीतील नोंदींशी पडताळून, विश्वस्तांच्या सहीने पुसावेत आणि मगच यंत्र भिंतीवरून उतरवावे. बदलासाठी गणेशोत्सव, नवरात्र आणि मार्चअखेर सोडून आठवड्याच्या मधला वार निवडावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ फोनवर मिळतो.